पुढे तो, मागे मी

राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी, चिलखती तटबंदी आहे. बाहेरचा तट आणि आतला तट यांच्यामध्ये एक चिंचोळा बोळ सुटलेला असून त्यातून दोन माणसांना खांद्याला खांदा लावून चालता येत नाही. एकाने पुढे व्हावे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीकडे पाहत मागून यावे, एवढीच तिथे सोय आहे. २००१ सालच्या डिसेंबर महिन्यात त्या बोळातून चालत असताना माझ्या मित्राने, एकदाही मागे वळून न पाहता, मला दोन गोष्टी सांगितल्या. त्या त्याने तोवर घरातही कोणाला सांगितल्या नव्हत्या, आणि आम्ही हॉटेलात समोरासमोर चहा घेत बसलो असतो तर मलाही सांगितल्या नसत्या, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आमच्या मैत्रीला चाळीस वर्षे उलटून गेली. एकाच शहरात राहूनही कॉलेजातले बहुतेक मित्र लग्नकार्यात भेटण्यापुरते उरले, काही तर तेवढेही उरले नाहीत. हा एक टिकला, आणि तो का टिकला याचा विचार करू लागलो की प्रत्येक वेळी एखादी अरुंद डोंगरवाटच डोळ्यांपुढे येते. एकमेकांच्या तोंडाकडे पाहून मनातले बोलावे ही सवय आमच्या पिढीतल्या पुरुषांना कोणी लावली नाही. वडील आमच्याशी तसे बोलले नाहीत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही आमच्या मुलांशी फारसे बोललो नाही. पायवाटेवर मात्र तोंड दिसत नाही. पुढच्याची पाठ दिसते, सॅक दिसते, टाचा दिसतात, आणि श्वास ऐकू येतो. जे बोलायचे ते समोरच्या झाडीला उद्देशून बोलावे, मागच्याने ते ऐकावे, आणि उत्तर सुचले नाही तर दोघांनी चालत राहावे. गप्प बसल्याचा अवघडलेपणा तिथे कोणालाच वाटत नाही.

त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण चार लोकांत आपल्याविषयी बोललेले त्याला रुचत नाही. तसेही आम्ही एकमेकांना आडनावानेच हाक मारतो. वसतिगृहाच्या हजेरीपासून जडलेली ती सवय पुढे सुटली नाही. त्याच्या आईला, म्हणजे आम्हा सगळ्या मित्रांच्या काकूंना, ती कधीच पटली नाही. "अरे, त्याच्या आईवडिलांनी बारसं करून नाव ठेवलंय ना त्याचं?" असे त्या दर वेळी आम्हा दोघांनाही सुनवायच्या.

डिसेंबर १९८३ मध्ये आम्ही पहिल्यांदा राजगडावर गेलो. स्वारगेटवरून वेल्ह्याच्या एसटीने मार्गासनीला उतरायचे आणि साखरमार्गे गुंजवण्यापर्यंत पायी जायचे, असा तेव्हाचा रिवाज होता. पायात हिरवे हंटर शूज, पाठीवर कोणाकडून तरी मागून आणलेल्या खाकी पिशव्या, त्यांत तांदूळ, मुगाची डाळ, रॉकेलची बाटली आणि वातीचा स्टोव्ह. चोर दरवाजाच्या चढावर अंधार पडला. आमच्याजवळ एकच विजेरी होती आणि ती त्याच्या हातात होती, म्हणून तो पुढे झाला आणि मी मागे राहिलो. हा क्रम पुढे जवळजवळ पस्तीस वर्षे तसाच राहिला, कारण वाट शोधण्याचे अंग त्याला उपजतच होते. मळलेली वाट आणि ढोरवाट यांतला फरक त्याला जमिनीकडे एकदा पाहिले की कळतो. कारवीच्या रानात जिथे मी दहा पावलांवर गोंधळतो तिथे तो क्षणभर थांबतो, मान किंचित तिरकी करतो आणि बरोबर वळतो. माझ्याकडे स्टोव्ह, शिधा आणि पाण्याचा हिशेब असायचा. त्या रात्री पद्मावतीच्या देवळात शिजवलेली खिचडी खाली लागली होती आणि वर कच्ची होती. आम्ही ती सगळी संपवली.

त्यानंतर वर्षातून एकदा तरी मोठी भटकंती करायचीच, हे कोणी न ठरवता ठरून गेले. नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, मुले झाली, तरी डिसेंबर आला की एखाद्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि तो फक्त गडाचे किंवा घाटवाटेचे नाव उच्चारायचा. रतनगड, अलंग-मदन-कुलंग, नाणेघाट, बोराट्याची नाळ. सामानाची यादी आम्ही टपालाच्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर करायचो, आणि पाकिटावर जेवढे मावेल तेवढेच न्यायचे असा दंडक होता.

१९९१ मध्ये आम्ही नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलो. ही वाट कोकणातल्या बेलपाड्याहून निघते आणि कोकणकड्याच्या कुशीतून थेट माथ्यावर येते. आधी ओढ्यातल्या घरांएवढ्या धोंड्यांवरून, मग घसाऱ्यावरून, आणि मध्येच ज्या ठिकाणी नळ, म्हणजे कड्यांमधली अरुंद घळ, कातळाने अडवला आहे तिथे त्या कातळावर चढून, असे दिवसभर वर जात राहावे लागते. अशा एका कातळटप्प्यावर माझे पाय अडकले. वर जाता येईना आणि खालची खोबण दिसेना. उजवी पोटरी थरथरू लागली, आणि ती एकदा थरथरू लागली की मनाने कितीही बजावले तरी थांबत नाही. तो वर पोहोचलेला होता. तो उलटा उतरून माझ्या पायाशी आला, स्वतः एका हाताने कातळ धरून दुसऱ्या हाताचा तळवा त्याने माझ्या डाव्या टाचेखाली लावला आणि एखादी वस्तू फडताळात ठेवावी तसा माझा पाय उचलून खोबणीत नेऊन ठेवला. "आता वजन टाक. टाक. मी धरलंय." बुटाच्या रबरातून त्याच्या तळव्याचा दाब मला जाणवत होता. मी वजन टाकले. पुढे आयुष्यात अनेकांनी मला धीर दिला, पण कोणावर विसंबणे म्हणजे शरीराने नेमके काय करणे, हे मला त्या टाचेतून कळले.

येथवर लिहिले ते सगळे चांगुलपणाचे आहे. यापुढचे तसे नाही, आणि ते लिहावे म्हणूनच मी हा लेख लिहायला बसलो आहे.

१९९८ च्या सप्टेंबरअखेर आम्ही गढवालमधल्या रूपकुंड या तळ्याला गेलो. गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून काठगोदाम, मग बस आणि जीप करीत लोहाजंग. हिमालयात आम्ही दोघेही पहिल्यांदाच जात होतो. पंधरा वर्षे सह्याद्रीत घालवल्यामुळे आपल्याला डोंगर कळतो अशी आमची समजूत होती. परंतु सह्याद्रीतले महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरवर संपते, आणि रूपकुंडच्या वाटेवर वाण गाव सोडले की तेवढी उंची केव्हाच पायाखाली गेलेली असते. विरळ हवा म्हणजे काय, हे सह्याद्री कोणालाही शिकवू शकत नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो, म्हणजे छाती भरून घेतलेल्या प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच येतो. शरीर या गोष्टीशी हळूहळू जुळवून घेते, मात्र त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, डोके दुखू लागले, मळमळू लागले तर वर जाऊ नये, आणि त्रास वाढला तर वाट न पाहता खाली उतरावे, हे नियम आज कोणीही पाठ म्हणून दाखवेल. तेव्हा ते आम्ही वाचलेले होते, पण आपल्याला लागू आहेत असे मानलेले नव्हते. आम्ही वाणहून एका दिवसात बेदनी बुग्यालला पोहोचलो. त्या एका दिवसातच आम्ही नियमापेक्षा कितीतरी अधिक चढलो होतो.

बेदनीचे ते अफाट कुरण, समोर त्रिशूळ आणि नंदाघुंटी, आणि उतरत्या उन्हात पिवळे पडलेले गवत. त्याने त्या संध्याकाळी जेवण टाळले. दुसऱ्या दिवशी पातर नचौणीला पोहोचेपर्यंत त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता, आणि तिथे त्याला दोनदा उलटी झाली. रात्रभर तो बसून होता, कारण आडवे झाले की डोके फुटेल असे वाटत होते. सकाळी वाटाड्याने त्याच्याकडे एकदाच पाहिले आणि याला खाली न्यावे लागेल असे सांगितले. आमच्याबरोबर आणखी चौघे होते, घोडेवालाही होता. घोडेवाल्याने त्याला वाणला घेऊन जावे आणि बाकीच्यांनी वर जावे, असे ठरले.

त्यात चूक काही नव्हती. त्याला सोबत होती, खाली उतरताच त्याला बरे वाटणार होते आणि तसे ते वाटलेही. तरीही मी त्याच्याबरोबर उतरायला हवे होते. आपण उतरावे हा विचार माझ्या मनात आला होता, हे मी आज लपवीत नाही. तो आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की पुण्याहून इतक्या दूर येऊन, पैसे आणि रजा खर्चून, एका दिवसाच्या अंतरावरून परत जायचे का? मी त्याला विचारले, "जाऊ ना वर?" हा प्रश्न विचारण्यातच उत्तर ठरवलेले होते. तो म्हणाला, "जा." मग त्याने सॅकच्या वरच्या कप्प्यातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात दिली. काकूंनी दिलेले गूळखोबरे होते ते. वरच्या वाटेवर कैलुविनायक नावाचे गणपतीचे दगडी ठाणे आहे, हे त्यांनी आमच्या बोलण्यातून ऐकले होते आणि तिथे नैवेद्य ठेवायला सांगितले होते.

मी वर गेलो. कैलुविनायकाच्या चढावर वारा इतका होता की उभे राहवत नव्हते. धुके येत होते आणि वाटाड्या घाई करीत होता. मी गणपतीला नुसता हात जोडला आणि पुढे झालो. पुडी माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात तशीच राहिली. बगुवाबासाला रात्र काढून दुसऱ्या दिवशी सकाळी रूपकुंड पाहिले. हिरवट, गोठत आलेले लहानसे पाणी आणि काठाला माणसांची हाडे. ही हाडे कोणाची असावीत याविषयी तेव्हा नाना तर्क चालत. पुढे २०१९ मध्ये त्यांतल्या अडतीस जणांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कळले की ते सगळे एका वेळी मेलेले नव्हते. त्यांच्यात सुमारे हजार वर्षांचे अंतर होते आणि काहींचे मूळ तर पार भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातले निघाले. त्या सकाळी मात्र मला काठावर उभे राहून सांगायला कोणी नव्हते. बरोबर चौघे होते, पण त्यांना काय सांगणार! मी दहा मिनिटांत खाली वळलो.

पुण्यात पोहोचल्यावर सॅक उपसताना पुडी हाती लागली. गुळाला ओल सुटून कागद चिकटला होता. मी ती टाकून दिली आणि त्याला काही बोललो नाही.

याच मुलखाशी जोडलेल्या दोन माणसांचा मी पुढच्या वर्षांत फार विचार केला. एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिल्मन हे दोघे इंग्रज केनियात मळे करीत असताना एकमेकांना भेटले आणि १९३० मध्ये त्यांनी माउंट केनियाची पश्चिम धार मिळून चढली. १९३४ मध्ये अंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांना बरोबर घेऊन, कसलाही लवाजमा न करता, ते ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याच्या त्या बंदिस्त खोऱ्यात शिरले, जिथे तोवर कोणालाही शिरता आले नव्हते. तेही अनेक वर्षे एकमेकांना आडनावानेच हाक मारीत, आणि ते वाचले तेव्हा मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. १९३५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचा नेता शिप्टन होता. तीत टिल्मनला उंची मानवली नाही, आणि तेवढ्यावरून १९३६ च्या मोहिमेतून त्याला वगळण्यात आले. शिप्टन मात्र त्या मोहिमेला गेला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला टिल्मन ओडेलबरोबर ७८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीच्या माथ्यावर उभा होता. तोवर माणूस चढलेले ते सर्वांत उंच शिखर होते, आणि शिप्टन त्या वेळी तिथे नव्हता. तरीही १९३७ मध्ये हे दोघे काराकोरममधल्या शक्सगामच्या मुलखात पुन्हा बरोबर होते, आणि १९३८ मध्ये टिल्मनच्या नेतृत्वाखाली शिप्टन एव्हरेस्टला गेला. यातून दोन गोष्टी मला पटल्या. एका वर्षी ज्या शरीराला उंची सोसत नाही त्याच शरीराला दुसऱ्या वर्षी ती सोसू शकते, त्याचा धैर्याशी किंवा तब्येतीशी काही संबंध नसतो. आणि शिखरावर मित्र बरोबर नव्हता तरी त्यानंतर पुन्हा एकत्र निघता येते. पण त्यासाठी कोणीतरी निघावे लागते.

आम्ही निघालो नाही. १९९८ चा डिसेंबर गेला, १९९९ चा गेला, २००० चाही गेला. भांडण झालेच नव्हते, त्यामुळे मिटवण्याजोगे काही हाताशी नव्हते. सणासुदीला फोन व्हायचे, मुलांच्या शाळेची चौकशी व्हायची. त्याचा तो एका नावाचा फोन मात्र येत नव्हता, आणि मीही तो करीत नव्हतो.

२००१ च्या नोव्हेंबरात दुसऱ्याच एका वर्गमित्राकडून कळले की त्याने व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतली. त्या काळात पिंपरी-चिंचवडमध्ये अशी घरे शोधावी लागत नव्हती. वयाच्या सदतिसाव्या वर्षी 'स्वेच्छा' या शब्दाचा अर्थ काय असतो, तेही सगळ्यांना ठाऊक होते. मी दोन-तीनदा फोन उचलून ठेवला. बोलायचे तरी काय? शेवटी डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे सॅक भरून थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. दार काकूंनी उघडले. त्यांनी माझ्या सॅककडे पाहिले आणि आत जाऊन त्याला उठवले. तो डोळे चोळीत बाहेर आला, त्यानेही सॅककडे पाहिले, आणि म्हणाला, "पाणी किती घेतलंयस?"

राजगड ते तोरणा करायचे ठरले. रात्री पद्मावतीच्या देवळात राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी माचीकडे निघालो. नेहमीप्रमाणे पुढे तो होता, मागे मी होतो. तटांमधल्या त्या बोळात शिरेपर्यंत त्याने वाटेपलीकडचे काही काढले नव्हते. बोळात शिरल्यावर त्याने सांगितले, की तो अजूनही रोज सकाळी कामाच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडतो, कारण नोकरी गेल्याचे त्याने वडिलांना सांगितलेले नाही. बायकोला माहीत होते. पण रोज डबा घेऊन तो कुठे जाऊन बसतो हे तिलाही माहीत नव्हते. तो एका बागेत बसत होता. दुसरी गोष्ट त्याने बरीच पावले गेल्यावर सांगितली. पातर नचौणीच्या त्या रात्री आपण मरणार असे त्याला वाटले होते, आणि सकाळी मी "जाऊ ना वर?" असे विचारले तेव्हा त्याला "नको" म्हणायचे होते, पण तो शब्द तोंडातून बाहेर आला नाही. इतके बोलून तो चालत राहिला. त्याच्या आवाजात दोष नव्हता. अमुक ठिकाणी पाणी होते आणि तमुक ठिकाणी नव्हते, असे सांगावे तसे त्याने सांगितले. दगडी भिंतीवर त्याची सॅक घासल्याचा खरखर आवाज येत होता, तेवढाच मला आजही ऐकू येतो. मी काही बोललो नाही. अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याच्या दांडावर आल्यावर मी पुढे होऊन त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, त्याने ती अर्धी संपवली, आणि आम्ही तसेच बुधला माचीच्या रोखाने निघालो.

तोरण्याहून उतरताना त्यानेच एक नियम घातला. दोघांपैकी कोणीही "परत" म्हणाले की दोघांनी परतायचे, आणि का म्हणून विचारायचे नाही. पहिल्यांदा तो शब्द मी वापरला, उपांड्या घाटात, भर पावसात, जेव्हा माझा धीर सुटला होता आणि धीर सुटण्याजोगे फारसे काही झालेही नव्हते. तो जागच्या जागी वळला. गेल्या वीस-बावीस वर्षांत हा शब्द आम्ही दोघांनी मिळून सात-आठ वेळा तरी वापरला असेल. त्या अर्धवट राहिलेल्या वाटांची मला जेवढी आठवण येते तेवढी माथ्यावर पोहोचल्याची येत नाही.

दरम्यान त्याने एका ओळखीच्या माणसाबरोबर छोटा वर्कशॉप टाकला, तो आजही चालतो. वडिलांना त्याने त्या रविवारी रात्रीच सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. डबा कमी येत होता परत."

२००७ मध्ये मोटरसायकलींवरून मनालीहून लेहला गेलो, तो प्रवास लोकांना ऐकायला सर्वांत आवडतो. तांदीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक, गाटा लूपची एकवीस वळणे, दुपारनंतर बर्फ वितळून फुगणारे आणि म्हणून पहाटेच ओलांडायचे नाले, ५३०० मीटरहून उंच तांगलांग ला, हे सारे आम्ही पाहिले. या खेपेला आम्ही वाटेत केलांगला दोन रात्री राहून मगच वर सरकलो, आणि दोघांनाही काही त्रास झाला नाही. पण मोटरसायकलवर बोलता येत नाही. दिवसभर मी त्याचा मागचा लाल दिवा पाहत होतो आणि संध्याकाळी आम्ही इंजिनाविषयी बोलत होतो. त्या प्रवासाला मी कमी लेखत नाही, परंतु आमचा प्रवास पायीच व्हायला हवा हे मला तिथे उमगले.

२०१५ मध्ये त्याच्या पत्नीला कर्करोग झाला. ते वर्षभर आम्ही कुठेही लांब गेलो नाही. दर रविवारी पहाटे पाचला आतकरवाडीच्या पायथ्याशी भेटायचे, सिंहगड चढायचा, वर एकेक मडके दही खायचे आणि ती उठायच्या आत त्याने घरी परतायचे. चढताना तो तिच्या केमोच्या तारखा, पांढऱ्या पेशींचे आकडे, विम्याचे कागद यांविषयी बोलत असे, आणि मी मागून "हं" म्हणत असे. माझ्या पत्नीने एकदा विचारले, "दोन तास काय बोलता रे तुम्ही?" मी खरेच आठवून पाहिले आणि म्हणालो, "काही नाही." त्याची पत्नी बरी झाली, आता ती आमच्याबरोबर पुरंदरलाही येते.

माझ्या उजव्या गुडघ्याने २०१९ च्या सुमारास असहकार पुकारला, आणि तेव्हापासून आमचा क्रम बदलला. जो सर्वांत हळू चालतो त्याने पुढे राहावे, म्हणजे सगळ्यांची चाल त्याच्या चालीने राहते, हा डोंगरातला जुना संकेत आहे. आता पुढे मी असतो आणि मागे तो. वाट चुकू लागलो की मागून आवाज येतो, "उजवी."

गेल्या ऑक्टोबरात आम्ही पाचनईहून हरिश्चंद्रगडावर गेलो. नळीच्या वाटेचे आता नाव काढायचे नाही. पाचनईची वाट सोपी आहे, आणि एका लांबलचक कातळकड्याच्या पोटाखालून ती आडवी जाते तिथे डोक्यावर दगडाचे छत असते आणि पायाखाली सपाटी. सोनकी सुकत आली होती. पुढे मी होतो, आणि मागे वळून पाहण्याची गरज नव्हती. काकू जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मी समोरच्या कातळाकडे पाहत त्याला सांगितले, की कैलुविनायकाला मी गूळखोबरे ठेवले नव्हते. पुडी तशीच परत आली आणि मी ती टाकून दिली. आणि त्या दिवशी मी खाली यायला हवे होते.

मागून पावलांचा आवाज चालूच होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईने विचारलं होतं. मी ठेवलं म्हणून सांगितलं."

"तू विचारलं नाहीस मला."

"तू ठेवणारच, असं धरून चाललो होतो मी."

यावर बोलण्याजोगे काही नव्हते आणि आम्ही बोललो नाही. देवळापाशी पोहोचलो, केदारेश्वराच्या गार पाण्यात पाय बुडवून बसलो, डबे खाल्ले. तारामतीच्या पायथ्याशी असलेल्या लेण्यांपैकी एका गुहेत गणपतीची माणसाहून उंच मूर्ती आहे. उन्हे कलल्यावर तो उठला आणि मला काही न सांगता तिकडे निघाला. मी गुडघ्याचा पट्टा आवळून मागोमाग गेलो. त्याने सॅकच्या वरच्या कप्प्यातून गूळ-शेंगदाण्यांची पुडी काढली, दातांनी दोरा तोडला, आणि वाकून मूर्तीच्या पायाशी मूठभर ठेवले. खोबरे नव्हते. हात जोडून तो बराच वेळ उभा राहिला, मग पुडीतले चिमूटभर माझ्या तळव्यावर ठेवून त्याने उरलेली पुडी माझ्याच खिशात घातली, आणि म्हणाला, "असू दे तुझ्याकडे. उतरताना लागेल."